आधी उन्हात उभी राहा

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला पहिलं काम मिळालं ते उन्हात उभं राहायचं. शप्पथ सांगते! दहा मिनिटं मी दवाखान्याच्या अंगणात नुसती उभी होते आणि बाकावर बसलेले पेशंटांचे नातेवाईक शेंगा खात माझ्याकडे बघत होते.

जानेवारीतली सकाळ होती. तळोद्याच्या स्टँडवरून निघालेल्या जीपमध्ये मला काच नसलेल्या खिडकीजवळची जागा मिळाली होती. डोंगराच्या पायथ्याच्या त्या छोट्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत नाक लालभडक झालं होतं, छाती मात्र फुगलेली. बी.एस्सी. नर्सिंग पास, नेमणुकीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, नवीकोरी पांढरी चप्पल, खिशात चार रंगांची चार पेनं. आणि नेमणूक कुठे, तर लेबर रूमला! कॉलेजात असल्यापासून मला तेच हवं होतं. लेबर रूमच्या दारात एक बुटक्याशा बाई उभ्या होत्या. पांढरी साडी, वर निळा एप्रन, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला तांदळाएवढा क्रूस. जीपमध्ये पाठ केलेलं वाक्य मी म्हणायला लागले, "गुड मॉर्निंग मॅडम, मी हर्षाली, नवीन स्टाफ नर्स..."

"कागद ठेव," त्या म्हणाल्या. "हात दखाड."

मला वाटलं, नखं बघणार. कॉलेजात बघायचे. मी हात पुढे केले, तर बाईंनी माझे दोन्ही हात धरून सरळ आपल्या दोन्ही गालांवर ठेवले. ओळख ना पाळख! मी अवघडून उभी. त्यांनी डोळे मिटले, क्षणभर काहीतरी जोखलं आणि हात सोडून दिले.

"गार शेतस. जाय, आधी उनमां उभी ऱ्हाय."

या आमच्या एस्तेर सिस्टर. मूळच्या नवापूरकडच्या. घरी मावची, डॉक्टरांशी शाळेतलं मराठी, डोंगरातून येणाऱ्या बायकांशी त्यांच्या त्यांच्या गावची बोली आणि माझ्यासारख्या सपाटीवरच्या पोरींशी अहिराणी. घरातल्या चार खोल्यांतून फिरावं तशा त्या चार भाषांतून फिरायच्या. मी मात्र दवाखान्यात कटाक्षाने शुद्ध मराठी बोलायचे, कारण नोकरी म्हणजे शुद्ध मराठी असं माझ्या डोक्यात बसलं होतं. त्या अहिराणीत विचारायच्या, मी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे. "तू कोनले परीक्षा दी ऱ्हायनी वं?" असं त्या हसून म्हणायच्या.

आमचं गाव म्हसावदजवळ. केळी आणि पपईची शेती, चार भावंडांचं खटलं. माझ्या आप्पांना वाटत होतं की पोरीने नाशिकला नाहीतर सुरतला काचेच्या दारांच्या हॉस्पिटलात काम करावं. मी डोंगराकडची नेमणूक घेतली म्हणून ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नव्हते. तेव्हा पहिल्या संध्याकाळी आईचा फोन आला, "काय काय केलं गं आज?" तर उन्हात उभी राहिले असं कोणत्या तोंडाने सांगणार? मी म्हटलं, ओरिएंटेशन झालं.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. आल्या आल्या टपरीवर गरम चहाचा ग्लास दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला आणि मग गेले. सिस्टरांनी हात गालांवर ठेवले आणि लगेच ओळखलं. "ग्लासनी गरमी वरवरनी शे. उननी गरमी मझार जास." मझार म्हणजे आत. पुन्हा अंगणात! त्या स्वतः रोज कामाला लागण्याआधी व्हरांड्याच्या पायरीवर तळवे उन्हाकडे करून पाच मिनिटं बसायच्या. गार हात कुणाच्याही पोटावर ठेवायचा नाही, हा त्यांचा कायदा होता. कारण विचारलं तर म्हणायच्या, "सांगसू. आते नही."

त्याच आठवड्यात मला कळलं की आपण कशात पाय ठेवलाय. एस्तेर सिस्टर फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी दुसरं कुणी येण्याची चिन्हं नव्हती. आमचे डॉक्टर तरुण, भले गृहस्थ, पण धास्तावलेले. त्यांनी माझ्यासमोरच सांगून टाकलं, "सिस्टर, तुम्ही आहात म्हणून इथे डिलिव्हरी होतात. तुम्ही गेल्यावर ही मुलगी तयार नसेल, तर मी जोखीम घेणार नाही. मार्चपासून सगळ्या बायका पुढे नंदुरबारला पाठवू."

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "त्या पुढे जात नाहीत, डॉक्टर. तुम्ही पुढे पाठवता, त्या घरी परत जातात. मग तिकडे काय होतं ते आपल्याला कळतही नाही."

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आयकं ना? दोन महिना शेतस. मी चालनी, मंग तुले एकलीले करनं पडी." मी बोटांवर आठवडे मोजले, फारच थोडे भरले. पण खोटं कशाला बोलू, आनंदाची एक उकळीही फुटली. मी, म्हसावदकडची हर्षाली, जिला घरी दूध उतू न घालवता तापवता येत नव्हतं, तिच्या हातावर डोंगरातली बाळं येणार होती!

माझं गर्वहरण चौथ्याच दिवशी झालं. सकाळी दोन बायका एकदमच आल्या. एक आमच्या सपाटीवरची, तिने दवाखाना डोक्यावर घेतला होता. "माय वं! मरनी वं माय!" दुसरी डोंगरातली, सासूबरोबर जीपने आलेली. ती बाकावर शांत बसली होती. चेहऱ्यावर एक रेघ नाही. मी तिला विचारलं, "कळा येतात का?" ती माझ्याकडे बघून जरा मान हलवून गप्प राहिली. मी मनात म्हटलं, हिला अजून भरपूर वेळ आहे. कॉलेजात आम्ही धुळ्याला ज्या बायका पाहिल्या त्या सगळ्या ओरडायच्या. जितका आवाज मोठा तितकी वेळ जवळ, असं आमचं सरळ गणित. मी ओरडणारीला टेबलावर घेतलं आणि डोंगरातलीचा कागद भरायला बसले. चार रंगांच्या पेनांनी बरं का!

एस्तेर सिस्टर वॉर्डातून येत होत्या. बाकाजवळून जाता जाता त्या थबकल्या. बाईच्या तोंडाकडे त्यांनी बघितलंच नाही. खाली बघितलं आणि ओरडल्या, "चादर आन!" मी चादर घेऊन धावले तोवर सिस्टर फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. बाई बाकाचा कठडा धरून खाली उकिडवी झाली, आणि मी चादर पसरतेय न पसरतेय तोच बाळ सिस्टरांच्या ओंजळीत. त्या बाईच्या तोंडून आवाज नाही! फक्त एक लांब श्वास. बाळाने मात्र सगळ्यांच्या वाट्याचं रडून घेतलं. आणि आत ती 'मरनी वं माय' वाली? तिला आणखी सात तास होते.

फरशीवर डोकं आपटलं असतं तर? नाळ तुटली असती तर? आता खरमरीत बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. सिस्टर हात धूत धूत म्हणाल्या, "तुमन्या बाया बोंबलतस, ह्या गिळतस. कळ तीच शे. तू कानवर गयी म्हनीसन चुकनी."

"मग कशावर जायचं, सिस्टर?"

"पायसवर. तोंड लबाड ऱ्हास पोरी. पायनं बोट लबाडी करस नही."

आणि मग आमची पायांची शाळा सुरू झाली. तीन दिवस त्यांनी मला व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर बसवलं. समोर बाकावर बायका. मी फक्त त्यांचे पाय बघायचे. नजर घोट्यांच्या वर गेली की सिस्टर आतून ओरडणार. कळ येते तेव्हा आधी अंगठा वर उचलला जातो. मग बाकीची बोटं जमीन पकडतात. अगदी जवळ आली की टाच सुटते आणि बाई बोटांवर येते. कुणी पाय एकमेकांवर घासते, कुणाची करंगळी तेवढी थरथरते. सिस्टर आतून विचारायच्या, "डावीकडली?" मी सांगायचे, "बोटं मोकळी आहेत, वेळ आहे." "पिवळ्या लुगड्यानी?" "अंगठा वर जातोय, पण परत सैल पडतो." मग त्या प्रत्येकीला आत घेऊन तपासायच्या आणि दारातून बोटांनी मला खूण करायच्या, गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय ते. माझा अंदाज बरोबर आला की जेवताना त्यांच्या डब्यातली नवापुरी तुरीची डाळ मला जास्त मिळायची. काय डाळ होती ती! त्या डाळीसाठी मी उभ्या जिल्ह्याचे पाय बघितले असते.

बघितलेच म्हणा. सवय लागली. जीपमध्ये पाय बघायचे, बाजारात पाय बघायचे. एकदा ड्रायव्हरकाकांनी आरशातून विचारलं, "ताई, खाले काय पडनं का?" सुट्टीला घरी गेले तर वहिनीच्या पायांकडे टक लावून बसले. वहिनी चिडली, "दोनच महिने झालेत मला, उठ तिथून!"

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी पहिलं बाळंतपण केलं. माझ्या हातांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत! तिसऱ्या खेपेची बाई होती. ही गिळणाऱ्यांतलीच, पण मी तिच्या टाचेवरून सांगितलं, "सिस्टर, आता." त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आपल्या हातावर त्यांचा हात येईल. आलाच नाही. बाळाचं डोकं दिसलं, मी धीर धरला, खांदा फिरला, आणि ते ओलं, गरम, घसरतं वजन माझ्या हातात आलं. देवा रे! मुलगी होती. मी तिला पुसलं, आईच्या छातीवर ठेवलं, नाळ बांधली, वार येईपर्यंत थांबले, सगळं सगळं केलं आणि मग मागे वळले. एस्तेर सिस्टरांनी दोन्ही हात पाठीमागे घेऊन एप्रनच्या बंदांत गच्च गुंडाळून ठेवले होते. बोटं पांढरी पडली होती.

"हे काय, सिस्टर?"

"मन्हा हात पुढे उना त तू कव्हय शिकशी?" त्या बंद सोडवत म्हणाल्या. "यास्ले बांधनंच पडस. आयकतस नही."

मी अंगणात जाऊन आईला फोन लावला आणि किंचाळले, "आई, मी पकडलं! मुलगी आहे!" आई घाबरली, तिला कळेना कोणाची मुलगी. मागून आप्पांनी फोन घेतला. कितीतरी दिवसांनी ते माझ्याशी बोलले. "कितीक किलोनी शे?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, तर म्हणाले, "चांगली शे." त्या बाईच्या सासूने जाताना कमरेच्या पिशवीतून मूठभर आमचूर काढून माझ्या हातावर ठेवलं. मी ते संपवलं नाही, अजून डबीत आहे.

त्यानंतर मी हवेत होते. पाच, सहा, सात... सिस्टर मागे हात बांधून उभ्या आणि मी पुढे. आणि मग फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक बाळ रडलंच नाही.

निळसर, ढिलं, माझ्या हातात लोंबतं. पुसलं, पाठ चोळली, काही नाही. काय करायचं ते मला तोंडपाठ होतं. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले होते मला त्यावर! हवा द्यायची पिशवी मी हातात घेतलीसुद्धा आणि तशीच उभी राहिले. हात हलेनात. कानात नुसती घूं घूं. सिस्टरांनी बंद सोडवले, खांद्याने मला बाजूला ढकललं, पिशवी घेतली, बाळाच्या तोंडावर मास्क बसवला आणि हवा दिली. चौथ्या-पाचव्या दाबाला ते रडलं. सगळं मिळून मिनिटभरही झालं नसेल. पण ते मिनिट माझं होतं आणि मी ते वाया घालवलं होतं.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी रागवायला हवं होतं. डॉक्टरांच्या कानावर गेलंच. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि सिस्टरांना म्हणाले, "मी म्हणत होतो ना? मार्चपासून पुढे पाठवू."

"महिना संपेपर्यंत थांबा," सिस्टर म्हणाल्या.

दुपारी त्या मला व्हरांड्याच्या पायरीवर उन्हात घेऊन बसल्या. डबा उघडला नाही. मी रडत होते. मी म्हटलं, मला वॉर्डात टाका, इंजेक्शनं देते, पण इथे नको. त्यांनी माझे हात आपल्या मांडीवर घेतले आणि तेव्हा ती गोष्ट सांगितली.

नोकरीचं त्यांचं पहिलं वर्ष होतं. वर डोंगरात एक उपकेंद्र, ऐन थंडी, विहिरीच्या पाण्याने हात धुतलेले. बाळ झालं आणि गप्प राहिलं. एस्तेर सिस्टरांनी पोटाजवळची नाळ दोन बोटांत धरली. बाळाचं काळीज चालू असेल तर तिथे धडधड लागते. "काहीच लागनं नही. मी त्याले कपडामां गुंडाळं आनी बाजूले ठेवं." मायकडे कोणत्या तोंडाने बघावं म्हणून त्या भिंतीकडे बघत होत्या. गावची म्हातारी सुईण चुलीपाशी पाणी तापवत बसली होती. ती उठली, तिने कपडा उघडला, नाळ धरली आणि यांच्याकडे बघून म्हणाली की हे तर चालू आहे. मग तिने बाळाच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली. आणि ते रडलं.

"मन्हा बोटे गार व्हतात. बधिर. म्हनीसन मले कळनं नही." सिस्टर थांबल्या. "त्याले आते पोरे शेतस. बाजारमां भेटस त मन्हा पाय पडस. मले इतली लाज वाटस, तुले काय सांगू."

त्यांनी माझे तळवे उलटून उन्हाकडे केले. मग त्या उठताना म्हणाल्या, "घाबर. मी बी घाबरस. पन हात गरम ठेव, तेच सांगतीन चालू शे का नही. मंग तू उभी ऱ्हावाव नही."

आता त्या नवापूरला असतात. घरामागे तूर लावतात, रविवारी प्रार्थनेला जातात आणि मला फोन करतात. मी कशी आहे, जेवले का, असलं काही विचारत नाहीत. "किती गिळणाऱ्या, किती बोंबलणाऱ्या?" हा पहिला प्रश्न. मी सांगते आणि त्या पोट धरून हसतात. पण मला त्या आठवतात ते निरोपाच्या दिवशीच्या.

फेब्रुवारीची शेवटची दुपार. ओपीडीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. शाल, नारळ, झेंडूचा जाडजूड हार. एस्तेर सिस्टर पहिल्यांदाच रंगीत साडी नेसून आल्या होत्या आणि अवघडून खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. डॉक्टर माइकवर बोलत होते. सिस्टरांनी किती बाळं जगात आणली वगैरे. मी पहिल्या रांगेत. मला भाषण ऐकू येत नव्हतं. उद्या मार्च, एवढंच डोक्यात होतं. पुढे पाठवायचे छापील फॉर्म सकाळीच डॉक्टरांच्या टेबलावर आले होते.

तेवढ्यात अंगणात जीप शिरली. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. पाड्यावरच्या बायकांना दवाखान्यात घेऊन येणाऱ्या आशाताई आधी उतरल्या. मागून एक कोवळीशी बाई, पदर दातांत धरलेला, आवाज नाही. तिने उतरायला जीपच्या पायरीवर पाय ठेवला. अनवाणी पाय. पाची बोटं पत्र्याला रुतलेली आणि टाच अधांतरी.

मी उठले. त्याच क्षणी सिस्टरही उठल्या, इतक्या झटक्यात की मांडीवरचा नारळ गडगडत गेला. आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्यांचे हात पुढे आले होते. मग त्यांनी ते मागे घेतले, शालीत गुंडाळले आणि खाली बसल्या.

"जाय," त्या म्हणाल्या. "हाई तुन्हं शे."

भीतीने माझे हात बर्फ झाले होते. मग मी काय केलं माहितेय? ते सगळं अंगण मी दोन्ही तळवे उन्हाकडे धरून पळत पार केलं. लोकांना वाटलं असेल, ही पोरगी पागल झाली. दारात पोचल्यावर हात गालांवर ठेवून बघितले. बरे होते.

बाईला टेबलावर चढायचं नव्हतं. मी म्हटलं, नको चढूस. टेबलाचा दांडा धरून ती उकिडवी बसली, मी तिच्यापुढे गुडघ्यांवर. तिची पहिलीच खेप. बाळ आलं ते गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे घेऊन. वेढे सोडवले, बाळ हातात आलं, आणि गप्प. ढिलं. तसंच निळसर.

"मावशी, डॉक्टरांना बोलवा!" मी दारातल्या आयाबाईंना ओरडून सांगितलं. पुसलं. पाठ चोळली. नाही. हॉलमधलं माइकवरचं भाषण मध्येच तुटलं. कानात घूं घूं सुरू होणार असं वाटलं. मी दोन बोटांत नाळ धरली, अगदी पोटाजवळ.

होती! बारीक होती, पण होती. माझ्या बोटांना लागली. "शे!" मी मोठ्याने म्हणाले. "शे, शे! चालू शे!" पहिल्यांदा त्या खोलीत माझ्या तोंडून अहिराणी निघाली. मग हात आपोआप हलले. मास्क बसवला, पिशवी दाबली. एक. छाती वर आली. पुन्हा. पुन्हा. मी मोजत होते की बडबडत होते कुणास ठाऊक. डॉक्टर दारात येऊन पोचले आणि तिथेच थांबले. आणि त्या चिमुकलीने एक उचकी दिली, तोंड वाकडं केलं आणि असा काही सूर लावला की आशाताई मटकन खालीच बसल्या. बाळाची आई, जिने इतका वेळ हूं की चूं केलं नव्हतं, ती मोठ्याने हसली.

डॉक्टरांनी बाळ तपासलं, छातीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं, वार आली का, रक्तस्राव किती, सगळं बघितलं. मग जाताना वळून म्हणाले, "मार्चची ड्युटी तुझी इथेच लावतो. ते फॉर्म कपाटात टाकायला सांग."

मी हात धुऊन बाहेर आले. लेबर रूमच्या दाराशी असलेल्या बाकावर एस्तेर सिस्टर बसल्या होत्या. हॉलमध्ये थांबल्याच नव्हत्या. गळ्यात हार तसाच, शालीची दोन्ही टोकं पाठीमागे मुठींत गच्च.

"रडनं का?" त्यांनी विचारलं. सगळ्या गावाने ऐकलं होतं, पण त्यांना माझ्या तोंडून हवं होतं.

"रडनं, सिस्टर. पोर शे."

मी त्यांच्यापुढे बसले आणि त्यांच्या मुठी सोडवल्या. ते हात माझ्या गालांवर ठेवले. दोन महिन्यांत मी त्या हातांना एकदाही गार बघितलं नव्हतं. आज ते बर्फासारखे होते.

"सिस्टर, गार शेतस!"

"मंग?" त्या एकदम माझ्यावर खेकसल्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तू मझार, मी भाईर! गार नही पडतीन त काय व्हई!"

मला रडूही येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. मी उठून उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि अंगणाकडे बोट दाखवलं.

"जा सिस्टर, आधी उनमां उभ्या ऱ्हा."

आणि त्या खरंच गेल्या. फेब्रुवारीअखेरच्या भर दुपारी, गळ्यात झेंडूचा हार, एका खांद्यावरून घसरलेली शाल, दोन्ही तळवे पुढे धरून एस्तेर सिस्टर अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या. बाकावरचे नातेवाईक शेंगा खायचे थांबून त्यांच्याकडे बघत होते.